टेबलाखालचा दोरा

३ तारीख, सोमवार

परवा सकाळी मी हिची पिठाची चाळणी कुणाला न सांगता पिशवीत घातली आणि कामावर घेऊन गेलो. तिथे तिच्यातून लाकडाचा भुसा चाळला, बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवला, वाळवला आणि त्याचे गवत केले. जो जाडसर राहिला त्याची झाडे केली. दुपारपर्यंत सगळा डोंगर हिरवागार झाला. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असा बघत होतो, जणू पाऊससुद्धा मीच पाडला.

संध्याकाळी ही म्हणाली, "चाळणी कुठाय?"

"कामाला लागत होती."

"बातम्यांच्या कामाला चाळणी लागते? मग तिथली माणसं वापरत का नाहीत कधी?"

मुलगी खो खो हसली. मला विनोद उशिरा कळतो, म्हणून मी जेवताना हसलो.

गावच्या शाळेत गुरुजी रोज चार ओळी लिहून आणायला लावत. "काय वाटलं ते नको, काय केलंस ते लिही," असे त्यांचे म्हणणे. ती सवय सुटली होती. लढाई सुरू झाल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून वही पुन्हा काढली आहे.

मी बातम्यांच्या वाहिनीत सुतार आहे. पडद्यावर काचेसारखे चमकते ते टेबल मागून बघाल तर प्लायवुड आणि खिळे. संध्याकाळचा मोठा कार्यक्रम एक मॅडम ठरवतात. त्यांनी गेल्या आठवड्यात बोलावले आणि नकाशा पुढे ठेवला. "मिस्त्री, हे सगळं टेबलावर उभं करायचं. नदी, नदीवरचा पूल, पुलापलीकडे आपलं शेवटचं गाव, गावामागे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर सीमा. आणि पलीकडच्या उतरणीला त्यांचं गाव. तुम्ही तिकडचेच ना?"

मी तिकडचाच. नकाशातला तो ठिपका म्हणजे माझे गाव. मी पोटामागे शहरात आलो. आक्काला गावातच दिली, आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून. ती अजून तिथेच आहे.

४ तारीख, मंगळवार

गाव झाले. पत्र्याची शाळा, शाळेसमोर एका बाजूने खचलेल्या कठड्याची विहीर, वरची आळी, खालची आळी. आक्काच्या दाराला निळा रंग दिला. नकाशात दारे नसतात, पण हात थांबला नाही. पूल गावापासून लांब, वळणाच्या पलीकडे. गावातून तो दिसत नाही, मधला उघडा माळ ओलांडावा लागतो. तो माळही केला.

मग त्यांच्या गावाची पाळी आली आणि मी अडलो. ते गाव मी कधी बघितलेलेच नाही. लहानपणी गुरे घेऊन माथ्यावर जायचो तेव्हा संध्याकाळी तिकडून चुलींचा धूर वर येताना दिसायचा, एवढीच ओळख. मॅडमना विचारले, ते गाव कसे आहे? त्या फोनवर होत्या. "गावासारखं गाव करा हो!"

म्हणून त्याच साच्यातून पुन्हा घरे ओतली. तीच शाळा, तीच विहीर. माझ्या जोडीला रंगारी आहे, तोंडाचा फटकळ पण हात सोन्याचा. तो म्हणाला, "छपरं तांबडी मारतो की. तांबडी ते शत्रू, हिरवी ते आपण. चार डबे रंगात लढाई सुरू. सरकारला उगाच एवढा खर्च!"

जाता जाता मॅडम आल्या. सगळे बघितले, चांगले झाले म्हणाल्या. माथ्यावर आपल्या सैनिकांची एक चौकी केली आहे, आगपेटीएवढी. ती बोटभर मागे सरकवायला लावली. नकाशात तर ती पुढे आहे. मी तसे म्हटले, तर म्हणाल्या, "साहेबांची काठी लागेल तिला." सरकवली.

६ तारीख, गुरुवार

पहिला कार्यक्रम झाला. जे साहेब तो चालवतात त्यांना आम्ही सगळे मागून सेनापती म्हणतो. माणूस वाईट नाही. कंबर धरलेली असते, कोटाच्या आत पट्टा बांधतात, आणि पालीला इतके घाबरतात की एकदा चालू कार्यक्रमात खुर्चीवर चढले होते. पण दिवे लागले आणि हातात काठी आली, की आवाज असा फिरतो की उभ्या माणसाने टाचा जोडाव्यात.

सेनापती टेबलाभोवती फिरले आणि काठीने तांबड्या छपरांची घरे पाडत गेले. "इथे एक घाव! इथे दुसरा!" प्रत्येक घर पडताना मागून गडगडाट वाजवत होते. शाळा पडली तेव्हा माझा हात आपसूक ती सावरायला पुढे गेला. ती त्यांची शाळा हे मला माहीत होते.

कार्यक्रमानंतर पडलेली घरे पुन्हा चिकटवली, उद्या पाडायला हवीत म्हणून. मॅडमनी चौकी सरळ केली. ती पडली नव्हती, जरा तिरकी झाली होती एवढेच.

खरे लिहायचे तर घरी येताना छाती फुगली होती. चहाच्या टपरीवर दोघे बोलत होते, "काय डोंगर केलाय रे, डिट्टो!" तो मी केला, असे सांगायचा मोह आवरला नाही. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले.

देवापुढे उभा राहिलो. रोज म्हणतो तसे "आपल्या माणसांना सांभाळ" म्हणालो. 'आपल्या' शब्दाला जीभ अडखळली. साचा एकच होता ना.

९ तारीख, रविवार

आक्काचा फोन आला. हल्ली तो महत्प्रयासाने लागतो.

"ठोक्या!" तिने मला लहानपणापासून हेच नाव ठेवले आहे, मी सदा काहीतरी ठोकत असायचो म्हणून. "अरे, ते गाव तू केलंस ना? मी विहीर बघितली आणि ओळखलं. म्हटलं हा वाकडा कठडा जगात दुसऱ्या कुणाला सुचणार! आणि आमचं निळं दार! सगळी आळी जमली होती दुकानात बघायला."

"घरी नाही बघत?"

"वीज कुठाय? दुकानदाराकडे बॅटरी आहे. तो आवाज बंद ठेवतो, बाहेरचे धमाके ऐकू यायला हवेत ना. नुसती चित्रं बघतो आम्ही. तुमचे ते साहेब मुकेपणी फार छान दिसतात."

मग भाऊजींनी फोन घेतला. "मेहुणे, सगळं गाव केलंत, माझी स्कूटर विसरलात. दारात उभी असते ती. तिच्याशिवाय आमचं दार म्हणजे नाकाशिवाय तोंड." भाऊजींची पिवळी स्कूटर गावात देवळाच्या घंटेसारखी प्रसिद्ध आहे, ती येण्याआधी तिचा आवाज येतो. बोलताना त्यांना धाप लागत होती. दमा जुना आहे. मी म्हटले, इकडे या निघून. "चार दिवस बघू. पूल आहे, स्कूटर आहे. मनात आलं की किक मारली आणि निघालो."

ही म्हणाली, "तुम्ही जोर करून का नाही सांगितलंत?" मी जोर करत नाही, हे तिला माहीत आहे.

११ तारीख, मंगळवार

आज मी एक करामत केली. मॅडमना पूल पडताना दाखवायचा होता. शत्रूने उद्या पूल पाडला तर आपल्या फौजेची रसद कशी तुटेल, असा विषय. मी पुलाचे मधोमध दोन भाग केले, खालून एक खिळा सैल बसवला, खिळ्याला मासे धरायचा बारीक दोरा. दोरा टेबलाला भोक पाडून खाली. मी टेबलाखाली आडवा झालो. सेनापती काठीने दोनदा टेबल ठोकतील, तो इशारा.

वरचे सगळे ऐकू येते, दिसत मात्र फक्त बूट. ठक, ठक. मी दोरा ओढला. पूल इतका सुरेख कोसळला की कॅमेऱ्यामागचे लोक "वा!" म्हणाले. बाजूने धूर सोडला. पाण्याच्या जागी वार्निशचे थर दिले होते, त्यात तुकडे अर्धे बुडाल्यासारखे दिसत होते, ते तर माझ्याही मनात नव्हते.

सेनापतींनी स्वतः पाठ थोपटली. कंबर दुखत असूनही वाकले.

मुलीला सांगितले, तर तिने विचारले, "बाबा, तो आपल्या आक्काआत्याच्या गावाचा पूल ना?" मी म्हटले, अगं नुसते नाटक ते. खाली पट्टीवर 'काल्पनिक' असे लिहिले होते. ती वाचते, तिने वाचले असेल.

१२ तारीख, बुधवार

तो पूल आज दिवसभर पडतो आहे. सकाळी पडला, दुपारच्या बातम्यांत पडला, टपरीवरच्या टीव्हीत पडला. 'पाडला तर' मधला 'तर' कुठे गेला कळत नाही. तो बहुधा चित्रफीत कापताना गळाला. टपरीवाला म्हणाला, "पूल उडवला म्हणे. हरामखोर!" मी चहा संपवला. आज पैसे मी दिले.

हिने घरात टीव्ही बंद ठेवला आहे. वीज वाचते म्हणाली.

१५ तारीख, शनिवार

घाईने लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

सकाळी आक्काचा फोन. आवाज तुटत होता. "ठोक्या, पूल पडला ना रे? टीव्हीत बघितला."

मी काय म्हणालो असेन? "नाही गं, तो मीच पाडला," असे म्हणायला हवे होते. तोंडात आलेही होते. पण गेले तीन दिवस तो पूल पडताना मी इतक्या वेळा बघितला की मलाच वाटले, कोण जाणे, खरा पण पडला असेल. मॅडमना आधीच काही कळले असेल, म्हणूनच करायला लावला असेल. दोरा माझ्या हातात होता आणि शंका मला! मी म्हणालो, "नक्की माहीत नाही, आक्का."

"तुला माहीत नाही तर कुणाला असणार?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरेच वाटते की मला माहीत असते.

बाकीचे तुकड्या-तुकड्यांत कळले. भाऊजींचे औषध संपले आहे. माळावर सारखे गोळे पडतात, म्हणून पुलाकडे जाऊन बघायला कुणी धजत नाही, आणि पडलेला पूल बघायला जीव कोण धोक्यात घालणार? गावाने ठरवले आहे की गुरुवारी पहाटे सगळ्यांनी मिळून खालच्या अंगाने नदीत उतरून पायी पार व्हायचे. पाणी छातीपर्यंत आहे म्हणतात. भाऊजी जिना चढताना दोनदा थांबतात.

"पोहता येतं का त्यांना?" मी विचारले. फोन तुटला होता.

१६ तारीख, रविवार

दिवसभर फोन लावला. नुसती शीळ वाजते. मदतीच्या म्हणून दिलेल्या नंबरावर गाणे वाजते आणि मग तेही थांबते. ही म्हणाली, "आक्कांना काय सांगणार होता?" मी म्हटले, पूल आहे म्हणून. "आहे का?" मी म्हटले, माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितले आणि ताट वाढले. त्या बघण्यापेक्षा भांडली असती तर बरे झाले असते.

१७ तारीख, सोमवार

पूल आहे.

आमचाच एक कॅमेरामन आघाडीवरून परतला, दाढी वाढलेली, बुटांना चिखल. टेबलाशी उभा राहून हसायला लागला. "मिस्त्री, हा पाडलात काय? मी काल याच्याच वरून जीप घेऊन आलो की! सैन्याच्या गाड्या रांगेनं जातायत. माळावर दिवसा धोका आहे, पहाटे धुकं असतं तेव्हा आरामात सुटता येतं."

मी त्याचा हात धरला. पुन्हा तिकडे जाणार का विचारले. त्याला आता दुसरीकडे पाठवतात.

मी मॅडमकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न ठोठावता दार उघडले. सगळे सांगितले. आक्का, दमा, पाणी, गुरुवार. "एकदा म्हणा ना, पूल उभा आहे. एकच वाक्य."

त्यांनी मध्ये तोडले नाही. मग म्हणाल्या, "म्हणता येत नाही. वरून हुकूम आहे. पूल, रस्ते, फौज कुठे आहे, यातलं काही खरं सांगायचं नाही. शत्रू ऐकतो."

"आणि पडलेला दाखवता येतो?"

"तो लाकडाचा आहे, मिस्त्री."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काचेतून पलीकडे टेबल दिसते, त्यावरच्या डोंगराकडे बघत होत्या. "बुधवारी विशेष कार्यक्रम आहे. पूल पुन्हा पाडायचा, या वेळी जवळून. तयार ठेवा."

रंगारी म्हणाला, "तुला काय वाटलं, इथं बातम्या सांगतात? अरे, बातमी इथल्या लोकांना घरी गेल्यावर बायको सांगते." मला हसू आले नाही, उशिराही नाही.

१८ तारीख, मंगळवार

आज नुसता विचार केला. गुरुजींना हे चालले नसते.

मॅडमचे म्हणणे खोटे नाही. मी ओरडून सांगितले की पूल उभा आहे, आणि उद्या त्यावर खरोखर गोळा पडला, तर? त्या गाड्यांत बसलेली पोरे कुणाची तरी आहेत. असे सकाळभर वाटत राहिले. पटाशीला धार लावता लावता बोट कापले.

दुपारी वाटले की शत्रू तर माथ्यावरच, आपल्या चौकीसमोर बसलाय. त्याच्याकडे दुर्बीण आहे, विमान आहे. पूल त्याला रोज दिसतो. ज्यांना दिसत नाही ती माणसे आपलीच आहेत, वळणाअलीकडची, आवाज बंद करून माझे टेबल बघणारी.

संध्याकाळी देवापुढे बराच वेळ उभा होतो. आज काही मागितले नाही. 'हात तुझे' असे आम्हाला लहानपणी शिकवले होते, माणसाचे हात देवाचे. मग टेबलाखाली दोरा ओढला तो हात कुणाचा? याचे उत्तर देवाने दिले नाही, आणि मी वाट बघितली नाही.

ही आत आली. "काय ठरलं?"

"काही ठरलंय असं कुणी सांगितलं?"

"समई विझून गेली तरी उभे आहात. एरवी तेल घालता."

मी सांगितले. नोकरी जाईल हेही सांगितले. तिने कपाटातून मुलीच्या लहानपणीच्या खेळण्यांचा डबा काढला आणि त्यातली दोन चाके माझ्या हातावर ठेवली. "स्कूटरला लागतील," म्हणाली. म्हणजे भाऊजींचे फोनवरचे सगळे बोलणे तिने ऐकले होते.

१९ तारीख, बुधवार

घरी आलो तेव्हा ही पीठ चाळत होती. चाळणी मी कालच परत आणून ठेवली होती, तरी तिच्या कडेला जरा हिरवे राहिले आहे. पीठ नेहमीपेक्षा जास्त होते. "दोन माणसांचं वाढवलंय," म्हणाली, "आज ना उद्या लागेल." फोन उशाशी ठेवला आहे. आता आज काय केले ते लिहितो.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. पुलाचा सैल खिळा काढून टाकला. दोन्ही भाग सरसाने जोडले, वरून पट्टी मारली आणि टेबलाखालून लांब स्क्रू चढवले. मग पूर्ण भार टाकून दाबून बघितले. घोडा नाचला तरी हलणार नाही असा झाला. दोरा तसाच खाली सोडून ठेवला, कुणी वाकून बघितले तर दिसावा म्हणून. त्याचे दुसरे टोक आता कशालाच बांधलेले नव्हते.

रंगारी मागे येऊन कधी उभा राहिला कळले नाही. मी रात्री केलेली स्कूटर त्याने उचलून बघितली. "हा काय पिवळा आहे? हळदीचं दूध दिसतंय. आण इकडे." त्याने ती पुन्हा रंगवली, झळझळीत. पुढे भाऊजी, मागे आक्का, दोघे काडीचे. आक्काला तिच्या आवडीचे जांभळे पातळ त्यानेच दिले, मी फक्त रंग सांगितला. स्कूटर मी पुलाच्या मधोमध चिकटवली, तोंड शहराकडे करून.

कार्यक्रमाआधी मॅडमनी टेबल बघितले. स्कूटर बघितली. मला वाटले, संपले. "हे काय?" म्हणाल्या. मी म्हटले, "पळणारी माणसं. पूल पडताना जास्त परिणाम होईल." मी खोटे बोललो. त्यांनी मान हलवली आणि चौकी अंगठ्याने जरा मागे ढकलली.

मी टेबलाखाली आडवा झालो. वर सेनापतींचा आवाज चढत गेला. फौज, रसद, शत्रू. मग म्हणाले, "आणि हा पूल..." ठक, ठक.

दोरा माझ्या बोटांत होता. मी देवाचे नाव घेतले आणि पडून राहिलो.

ठक, ठक. जरा जोरात. बूट अस्वस्थ झाले. कॅमेरा पुलाच्या अगदी जवळ होता, हे मला माहीत होते, तसेच ठरले होते. पुन्हा ठक. मग सेनापतींनी काठी थेट पुलावर टेकवली आणि दाबली. माझ्या डोक्यावरचे प्लायवुड करकरले. काठी मोडल्याचा आवाज आला.

थेट कार्यक्रमात गप्प राहणे सेनापतींना पालीपेक्षा भयंकर वाटते. ते बोलले, त्याच चढ्या आवाजात, "पाहा! पाहा, हा पूल अजून उभा आहे!"

जे वाक्य म्हणता येत नव्हते, ते असे निघाले. गावात आवाज बंदच असेल. पण स्कूटर पिवळी आहे, आणि जवळून दाखवली.

दिवे गेल्यावर सेनापती काठीचे तुकडे घेऊन "मिस्त्री कुठाय, मिस्त्री!" करत निघून गेले, बहुधा कंबर शेकायला. मग टेबलाची चादर वर झाली आणि मॅडम उकिडव्या बसल्या. त्यांनी माझ्या हातातला मोकळा दोरा बघितला. वर हात घालून स्क्रूची डोकी चाचपली.

"बहीण कुठल्या घरात राहते?"

"निळ्या दाराच्या."

"बघेल ती?"

"दुकानात बघतात सगळे. पहाटे निघायचंय."

"उद्यापासून येऊ नका, असं मला तुम्हाला सांगावं लागणार."

"सांगा की."

"सांगितलं." पण उठल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, स्क्रू उरलेत का?"

"आहेत दोन."

"ती माथ्यावरची चौकी... तिलाही खालून लावता येईल?"

तिथे त्यांचे कोण आहे, ते मी विचारले नाही. त्यांचे डोळे दुखत असावेत, दिव्यांचा त्रास होतो इथे सगळ्यांनाच. त्यांनी वरून चौकी दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि मी खालून स्क्रू चढवत गेलो, आणखी फिरेना तोवर.